कैलासवासी अध्यक्ष

पिंपळमाळच्या यात्रा कमिटीचा अध्यक्ष विश्वजित मासाळ ओसरीवर बसून बशीत चहा ओतत होता, तेवढ्यात आटपाडीहून जीप भरून त्याची सासरवाडी दारात उतरली. बायकांनी उतरल्या उतरल्या तोंडाला पदर लावले. मेहुणा "दाजी गेलं रं" म्हणत उंबऱ्यावर बसला आणि मान वर करतो तर दाजी समोर, हातात बशी. अहो, रडावं का हसावं हे त्या बिचाऱ्याला कळेना. त्यानं खिशातून पत्रिका काढली. बिरोबाच्या यात्रेची, गुलाबी कागदाची. तीत ठळक अक्षरांत छापलं होतं, "कै. विश्वजित कोंडीबा मासाळ यांच्या स्मरणार्थ महाप्रसाद." आणि शेजारच्या रांगेत, अध्यक्ष म्हणून, चार वर्षांमागं वारलेला त्याचा बाप कोंडीबा.

विश्वजितच्या हातातली बशी तशीच राहिली. पत्रिका आदल्या दिवशीच गावोगाव वाटून झाली होती. लोणंद, खंडाळा, फलटण, इकडं आटपाडी, जत. जिथं जिथं भावकी तिथं तिथं तो मेला होता.

आता आमच्याकडं यात्रेच्या पत्रिकेतलं नाव ही काय चीज आहे हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. नाव वर की खाली, डावीकडं की उजवीकडं, यावरून सख्खे भाऊ वर्ष वर्ष बोलत नाहीत. पत्रिका छापायच्या आधी महिनाभर पारावर रांग ठरते. देव एका बाजूला राहतो आणि मानपान पुढं येतो. असल्या गावात अध्यक्षालाच कैलासवासी केलं म्हटल्यावर काय होणार? दुपारपर्यंत गाव हसून लोळलं आणि संध्याकाळपर्यंत दोषी ठरला. दोषी म्हणजे आम्रपाली रणदिवे आणि तिचे ते फुकटचे कंप्युटर.

ही आम्रपाली जुन्या शाळेच्या खोलीत बायकांचा कंप्युटर क्लास चालवायची. खोली ग्रामपंचायतीची, आणि विश्वजित पंचायतीचा सदस्य, म्हणून त्याच्याच शब्दावर मिळालेली. कंप्युटर सहा. साताऱ्याच्या एका कॉलेजनं भंगारात काढलेले तिनं टेम्पोत घालून आणले, पुसले, आणि त्यांत विकतचं काही न घालता जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, कुणालाही मोकळी असलेली प्रणाली घातली. लिहायचा प्रोग्रॅमही तसलाच. लोणंदची पोरं तिला म्हणायची, "मॅडम, समदं जग एक वापरतंय, तुमीच का येगळं?" ती म्हणायची, "समदं जग मला जेवाय घालत न्हाई."

अशी फटकळ. पण त्या फटकळपणाच्या मागं एक दुखणं होतं. तिचा बाप जालिंदर लोणंदच्या कांदा मार्केटात हमाली करायचा आणि चौदा एप्रिलला स्वतः रचलेली गाणी स्वतःच्या हलगीवर म्हणायचा. मुलगी शिकली तशी त्याला वाटलं, आपली गाणी टाईप व्हावीत. साताऱ्याच्या एका दुकानात त्यानं ती सगळी टाईप करून घेतली आणि सीडी उशाखाली ठेवली. कागद वाळवीनं खाल्ले तरी त्याला घोर नव्हता, कंप्युटरात आहे म्हणायचा. पुढं दुकान बंद पडलं. ज्या ठशात, म्हणजे फॉन्टात, आणि ज्या प्रोग्रॅमात ते टाईप केलं होतं, ते कुणाकडंच उरलं नाही. आम्रपालीनं फाईल उघडली की पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा भुगा. आजारपणात बाप रोज विचारायचा, "उघडली का गं?" आणि ती रोज म्हणायची, "उद्या उघडंल, दादा." उघडली नाहीच. पुढं ओळखीतल्या एकानं खटपट करून निम्मी गाणी वाचण्यालायक केली, पण तोवर बाप गेला होता. निम्मी गेली ती गेलीच. तिला त्याचा अजून राग येतो. आपल्या हातानं लिहिलेलं उघडायला दुसऱ्याच्या दारात किल्ली मागत का उभं राहायचं, हा तिचा सवाल, आणि त्याला उत्तर म्हणून तिनं ते सहा कंप्युटर मांडले होते. इथं लिहिलेलं कुठंही उघडलं पाहिजे, आणि पन्नास वर्षांनीही उघडलं पाहिजे, असं ती पहिल्याच तासाला बायकांना बजावायची.

त्या बायकांत सगळ्यात वयस्कर हरणाबाई. कोंडीबाची बायको, विश्वजितची आई. चौथीपर्यंत शाळा, मग लग्न, मग तीस वर्षं मेंढरांमागं पार कोकणापर्यंत पायपीट. नवरा गेल्यावर मेंढरं विकली आणि बाईचे हात रिकामे झाले. एकदा ती लेकाला म्हणाली, "मला बी शिकायचाय तुजा कंप्युटर." लेक खदाखदा हसला. "आये, तुला मोबाईलचं कुलूप उघडत न्हाई, कंप्युटर काय उघडतीस?" बस्स. त्या दिवसापासून हरणाबाई घरात पोथीला जाते म्हणून सांगायची आणि क्लासला यायची. आम्रपालीकडून तिनं शब्द घेतला होता. "माज्या हातची पत्रिका गावात वाटली की माजी मी सांगंन. तू कुणाला न्हाई. मरंस्तवर न्हाई."

"दिला शब्द, आक्का," आम्रपाली म्हणाली होती, आणि बाकीच्या बायकांनीही बिरोबाची आण घेतली होती.

हरणाबाई साधी विद्यार्थिनी नव्हे, बरं का. ती भांडायची. पहिल्याच आठवड्यात पडद्यावरच्या एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो डबा कशाचा?" ते होतं फ्लॉपीचं चित्र. लिहिलेलं ठेवायचं असलं की दाबायचं. आम्रपालीनं सांगितलं, पूर्वी अशी चकती असायची. हरणाबाई म्हणाली, "मी पायली न्हाई, तू पायलीस का?" आम्रपालीनंही धड पाहिली नव्हती. "मंग ज्या वस्तूचं मढं बी कुणी बगितलं न्हाई, तिचं चित्र कशाला डकवलंय? शबुद लिवा की सरळ, 'ठेवा' म्हून. चौथी शिकली ती का फुकट?"

नेमकं त्याच सुमाराला ती प्रणाली मराठीत आणणाऱ्या मंडळींत वाद पेटला होता. पुढच्या आवृत्तीत बटणांखालचे शब्द काढून नुसती चित्रं ठेवायची, म्हणजे पडदा कसा सुटसुटीत दिसेल, असं बऱ्याच जणांचं मत. सांगलीत शिवांजली नावाची एक प्राध्यापक बाई या मंडळींची जुळवाजुळव करायची. तिनं सांगलीत बैठक ठेवली. आम्रपालीनं हरणाबाईला लोणंदच्या स्टेशनात गाडीत बसवलं आणि नेलं थेट. घरी सांगितलं, औदुंबरला दर्शनाला चाललोय.

बैठकीत एक जण समजावून सांगत होता की चित्रं सगळ्या जगाला कळतात. हरणाबाईनं पदर खोचला आणि उभी राहिली.

"जगात मी येती का न्हाई?"

"येता की, आजी."

"मला न्हाई कळत. मला वाचाय येतं. चौथीतलं मधी इसरलं, लय उशिरा परत आलं, पर आलं. आन आता तुमी म्हणताय शबुदच काडून टाकतो. मंग मी शिकून काय केलं?"

मग शिवांजली म्हणाली की हे मत नोंदवू. नुसतं नोंदवलं नाही, पुढं महिनाभर त्यावर सगळ्यांची हमरीतुमरी झाली, आणि नव्या आवृत्तीत शब्द राहिले. ज्याला नको त्यानं ते लपवावेत, पण आधीपासून दिसणार शब्द. एका मेंढरं राखणाऱ्या बाईचं ऐकून. हरणाबाईनं क्लासमध्ये येऊन ते बटण बघितलं, 'ठेवा' वाचलं, आणि दिवसभर ज्याच्यावर त्याच्यावर खूश. आम्रपाली म्हणायची, विकत घेतलेल्या घरात खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागतं, हे घर आपलं आहे.

तर मग यात्रेची पत्रिका आली. कमिटीनं नेहमीप्रमाणे मजकूर आम्रपालीकडं दिला आणि तिनं तो हरणाबाईपुढं ठेवला. बाईनं चार दुपारी बसून एकेक अक्षर ओढलं. डावीकडं महाप्रसादाचे मानकरी, त्यांत तिच्या नवऱ्याचं नाव 'कै.' लावून. उजवीकडं कमिटी, वर लेकाचं नाव. दोन रांगांसाठी तक्ता करायचा असतो, हे आम्रपालीनं शिकवलं होतं. हरणाबाईनं तक्ता करून बघितला आणि पुसून टाकला. "ही काय रेशन कार्डावाणी खोकी? देवाच्या पत्रिकेत नावं कोंडायची न्हाईत." रेघा लपवता येतात म्हटलं तरी ऐकेना. लपवल्या तरी हायतच की, म्हणाली. आणि मग रात्री वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं एकेक करून दाबून बसवावीत तशी तिनं स्पेसचं बटण दाबून दाबून नावं सरळ रांगेत आणली. दिसायला सुरेख दिसत होती. आम्रपालीच्या जिभेवर आलं होतं, की हे टिकायचं नाही. पण बाईचा चेहरा बघितला आणि म्हणाली, राहू दे.

छापायला फाईल गेली लोणंदला, कृष्णातच्या छापखान्यात. आम्रपालीनं दोन फाईली दिल्या. एक पीडीएफ, म्हणजे जशीच्या तशी छापायची, कुणाला हलवता न येणारी. दुसरी नुसती जवळ असावी म्हणून, दुरुस्तीची. कृष्णातला पत्रिकेच्या तळाला आपल्या दुकानाची जाहिरात घालायची होती. त्यानं दुसरी उघडली, स्वतःच्या प्रोग्रॅमात. तो प्रोग्रॅमही कुणाचा तरी चोरून घातलेला. त्याच्याकडं तो ठसा नव्हता, कंप्युटरनं स्वतःच्या मनानं दुसरा रुंद ठसा लावला, मधल्या मोकळ्या जागा सरकल्या, ओळी मोडल्या, आणि बापाचं 'कै.' लेकाला आणि लेकाचं अध्यक्षपद बापाला जाऊन चिकटलं. कृष्णातनं नमुना विश्वजितच्या मोबाईलवर पाठवला. विश्वजितनं वर आपला फोटो नीट आलाय एवढं बघितलं आणि अंगठा पाठवून दिला. झालं. छापली.

रविवारी सकाळी बिरोबाच्या मंडपात बैठक बसली. पुरुष पुढं, बायका मागं खांबांपाशी. विश्वजित उभा राहिला. आठ दिवसांत त्याला इतके फोन आले होते की त्याचा आवाज बसला होता.

"मॅडम, मला दोन गोष्टी पायजेत. एक, ही पत्रिका कुणाच्या हातानं टाईप झाली, त्येचं नाव. दोन, ते फुकटचं आजच्या आज काडा. कृष्णात आपल्या दुकानातलं समदं घालून देतो म्हणतोय, तेबी काय न घेता. गावाची नवी पत्रिका त्येच्यातच व्हईल. ह्ये जमत नसंल तर उद्या खोलीला कुलूप."

मागं हरणाबाई खांबाला टेकून बसली होती. आम्रपालीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं.

"अण्णा," ती म्हणाली, "चूक झाली ती क्लासची. मी शेवटी नजर टाकली, माझ्या ध्यानात आलं होतं, तरी मी सोडलं. मला बोला, काय बोलायचं ते. नाव मिळायचं न्हाई."

"का न्हाई?"

"शब्द दिलाय."

"गावापरास मोटा शब्द?"

"माझा शब्द मी गावातच दिलाय, बाहेर न्हाई." मंडपात कुणीतरी हसलं. आम्रपालीचा आवाज चढला. "आन दुसरं. फुकटचं फुकटचं काय लावलंय? कृष्णातभाऊ घालून देतो म्हणतो ते चोरीचं हाय. ते तुमाला चालतंय, आन लोकांनी स्वतः राबून, मोकळ्या मनानं दिलेलं चालत न्हाई? पत्रिका माझ्याकडं उघडली तवा तुमी जिते व्हता. मी हलवू नका म्हणून दिलेली फाईल कृष्णातभाऊनं ठेवली बाजूला, आन दुसरी हलवली. त्याला मी काय करू? आन अण्णा, नमुना तुमाला आला व्हता. फोटो बघून अंगठा दिलात."

कृष्णात खाली बघू लागला. विश्वजितचा चेहरा लालबुंद झाला. खरं बोललेलं माणसाला जेवढं झोंबतं तेवढं खोटं झोंबत नाही. तो म्हणाला, "मंग कुलूप. इषय संपला."

आम्रपालीनं मनात हिशेब केला. सहा कंप्युटर, बारा बाया, आणि पुन्हा कुठं दार वाजवायचं? तिच्या समाजातल्या बाईला या गावात दुसरी खोली कोण देणार होतं, हे तिला न सांगता माहीत होतं. एक नाव उच्चारलं असतं तर खोली वाचत होती. तिनं ओठ आवळले आणि चप्पल शोधू लागली.

"बस गं खाली," मागून आवाज आला.

हरणाबाई उठली होती. पदर खोचून, सांगलीत खोचला होता तसाच. पुरुषांच्या रांगा ओलांडत ती पुढं आली आणि लेकासमोर उभी राहिली.

"नाव पायजे न्हवं? हरणाबाई कोंडीबा मासाळ. लिव."

"आये, तू बस. तुला काय कळतंय ह्यातलं?"

"ह्याच्यातलंच कळतंय. म्या केली पत्रिका. तुझ्या बापाचं नाव म्या लिवलं, तुजं म्या लिवलं. दोन साल जातीया मी त्या खोलीत. पोथी न्हाई का काय न्हाई." मग ती सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं बोलली. "ह्या पोरीनं खोली घालवली, पर माजं नाव न्हाई घेतलं. तुमच्यात हाय का कोण असा?"

पण माणूस अडला की जास्तच आडवा जातो, तसा विश्वजित म्हणाला, "तरीबी कुलूप लागणार. बोललोय मी."

"लाव की," हरणाबाई म्हणाली. "घर माज्या नावावर हाय."

आणि मग पिंपळमाळनं जे बघितलं ते आजवर बघितलं नव्हतं. बायका उठल्या. जुन्या शाळेत गेल्या, वायरी काढल्या, कुणी पडदा काखेत घेतला, कुणी डबा डोक्यावर. पुढं हरणाबाई, मागं आम्रपाली, आणि ही वरात भर गावातून गेली ती थेट विश्वजितच्या ओसरीवर. सहाच्या सहा कंप्युटर तिथं मांडले. दुपारी अध्यक्ष जेवायला घरी आला तेव्हा त्याला आपल्याच घरात शिरायला दोन वायरी ओलांडाव्या लागल्या. बायकोनं ताट वाढलं, पण हसू काही तिला आवरेना.

यात्रा तोंडावर आली होती. नवी पत्रिका तर छापायलाच हवी होती, नाहीतर बिरोबासमोर अध्यक्ष कैलासवासीच राहिला असता. दोन दिवस विश्वजित आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र ओसरीवर आला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "झाली का?"

"झाली," आम्रपाली म्हणाली. या वेळी हरणाबाईनं तक्ता केला होता, रेघा लपवून. नावं कोंडली म्हणून तिनं बिरोबाची माफी मागितली होती ती वेगळी. फाईल कृष्णातच्या दुकानात, तालुक्याच्या कचेरीत आणि शिवांजलीच्या सांगलीत, तिन्ही ठिकाणी उघडून बघून झाली होती. कुठंही कुणी मेलं नव्हतं.

विश्वजितनं खिशातून मोबाईल काढला. "पाठवा इकडं, अंगठा देतो."

"मोबाईल ठेव," हरणाबाईनं पाटाकडं बोट केलं. "हितं बस. मोठ्यांदा वाच. समदं वाच. मंग अंगठा दे."

आणि काय सांगू, तो बसला. आईसमोर, पडद्यासमोर, बारा बायांच्या देखत. "श्री बिरोबा प्रसन्न" पासून वाचू लागला. महाप्रसाद, कै. कोंडीबा बिराप्पा मासाळ यांच्या स्मरणार्थ. कमिटी, अध्यक्ष, विश्वजित. पालखी, गजनृत्य, कुस्त्या. आवाज हळूहळू मोकळा झाला. शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला. तिथं लिहिलं होतं, "अक्षरजुळणी व मांडणी: हरणाबाई कोंडीबा मासाळ. मार्गदर्शन: आम्रपाली जालिंदर रणदिवे."

आम्रपालीला हे माहीत नव्हतं, तपासणी झाल्यावर हरणाबाईनं ही ओळ गुपचूप घातली होती. बापाचं नाव पडद्यावर, धड, न तुटता, उघडलेलं. तिला एकदम रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

विश्वजित खालच्या आवाजात म्हणाला, "आये, पत्रिकेत बायकांची नावं आजवर कवा आली न्हाईत. लोकं काय म्हणतील?"

हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"तुज्या मेलेल्या बापाचं नाव चालतं. तू मेलास, तर गावानं ती बी पत्रिका घरोघर वाटली. आन माजं जितीचं नाव चालत न्हाई?"

विश्वजितनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली, मनातल्या मनात, ओठ हलवत, लहानपणी आईपुढं बसून धडा वाचावा तशी. मग त्यानं कंप्युटरचा उंदीर हातात घेतला. बाण कुठं न्यायचा ते त्याला सापडेना, तेव्हा हरणाबाईनं त्याचा हात धरून तो बटणावर नेला.

"काय लिवलंय त्येच्यावर? वाच."

"ठेवा," विश्वजित म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.